चार दिवसांचा घसा, दहा दिवसांचं औषध

(कुडाळ तालुक्यातल्या एका गावात, सातेरीच्या देवळाच्या सभामंडपात, चतुर्थीच्या आधीच्या रविवारी दिलेलं व्याख्यान. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

मंडळी, नमस्कार.

गेल्या सोमवारी तुमच्यातलेच एक भजनीबुवा माझ्या दवाखान्यात आले. आवाज पार बसलेला. बाकावर बसले आणि बोलायच्या ऐवजी दंडावर बोट टोचून दाखवलं. इंजेक्शन द्या, आणि कडक द्या. चवथ तोंडावर आलेली, तीन ठिकाणी डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनी सामना, ठरलेली. मी त्यांचा घसा पाहिला, नाकाला आलेलं पाणी पाहिलं आणि इंजेक्शन दिलं नाही. गप्प राहायला सांगितलं. बुवा नाराज होऊन गेले, ते मला कळलं. आज ते पुढच्याच रांगेत बसलेत आणि आवाज बराचसा परत आलाय, याचा मला मनापासून आनंद आहे.

त्यांना इंजेक्शन का दिलं नाही आणि दुसऱ्या एका घशाला औषध देऊनही मी कुठे कमी पडलो, या दोन गोष्टी सांगायला मी आज आलोय.

आधी घसा म्हणजे काय ते बघू. घरी कधी पाहिलाय का पोराचा घसा नीट? उजेडाकडे तोंड करून बसवा, मोबाइलचा टॉर्च लावा, जिभेचे तीन भाग धरले तर चमच्याची दांडी पुढच्या दोन भागांवरच ठेवा. फार आत नेऊ नका, उमासा येतो. पोराला मोठ्याने ‘आ’ म्हणायला लावा. मधोमध लोंबते ती पडजीभ. तिच्या दोन्ही बाजूंना कमानीखाली सुपारीएवढे दोन गोळे दिसतात, ते टॉन्सिल. मागे दिसते ती घशाची भिंत. लहान मुलांत टॉन्सिल मोठेच असतात. नुसते मोठे दिसले म्हणजे आजार नव्हे. आणि पडजीभ ‘उतरली’ म्हणून बोटाने वर दाबायची, मीठ लावून चेपायची, ही पद्धत आता सोडा. पडजीभ घशाला सूज आल्यामुळे लांबलेली असते. सूज गेली की तीही जागेवर येते. दाबल्याने जखम होते आणि दाबणाऱ्याच्या नखांतली घाण आत जाते.

आता घसा दुखतो कशाने? मोठ्या माणसांत बहुतेक वेळा विषाणूने. सर्दी, फ्लू, कोविड हे सगळे त्यातलेच. नाक वाहतं, शिंका येतात, खोकला येतो, आवाज घोगरा होतो, डोळे चुरचुरतात. असा घसा अँटिबायोटिकने बरा होत नाही, कारण अँटिबायोटिक जिवाणू मारतं, विषाणूला त्याचं काही वाटत नाही. तो बरा होतो दिवसांनी. घसादुखीच्या शंभर रोग्यांपैकी साधारण चाळीस जणांचं दुखणं तिसऱ्या दिवशी थांबलेलं असतं आणि आठवड्याच्या शेवटी पंच्याऐंशी जणांचं. औषध न घेता. म्हणून लोक म्हणतात, डॉक्टरांनी दिलेल्या गोळीने तिसऱ्या दिवशी आराम पडला. गोळीचा मान तिसऱ्या दिवसाला द्यायला हवा.

बुवांचा घसा या जातीचा होता. त्यांना हवं होतं ते स्टिरॉइडचं इंजेक्शन. त्याने सूज झटकन ओसरते, हे खरं आहे. पण सुजलेल्या स्वरपट्ट्यांवर जोर देऊन रात्रभर वरच्या पट्टीत गायलं, तर स्वरपट्टीच्या आत रक्त उतरू शकतं, आणि दुखत नसल्यामुळे गाणारा थांबत नाही. मग चार दिवसांऐवजी चार महिने आवाज जातो. बुवा, तुमचा गळा ही तुमची शेती आहे. तिच्यावर कर्ज काढू नका.

आणि एक. आवाज बसला की आपण कुजबुजतो. ताण देऊन कुजबुजल्याने स्वरपट्ट्यांवर उलट जास्त ताण पडतो. बोलायचंच तर हळू, पण साध्या आवाजात बोला. नाहीतर पाटी-पेन्सिल घ्या.

आता दुसरा घसा. इथे मी जरा थांबणार आहे, कारण आजचं माझं खरं काम हे आहे.

पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत घसा दुखण्याचं एक वेगळं कारण बऱ्याचदा सापडतं. त्या जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोकोकस, डॉक्टर त्याला ‘स्ट्रेप’ म्हणतात. या वयात घसा दुखणाऱ्या साधारण दर चार-पाच मुलांमागे एकाला तो असतो. याची ओळख कशी पटते? ताप अचानक चढतो. गिळताना पोरगं मान आखडतं. जबड्याच्या कोनाखाली दोन्हीकडे गाठी येतात, त्या दाबल्या की दुखतात. टॉन्सिल लालबुंद, त्यावर पांढरे ठिपके. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खोकला नसतो, नाक वाहत नाही. आयांनो, हे शेवटचं लक्षात ठेवा. सर्दी-खोकल्यासकट घसा आला तर बहुधा विषाणू. ताप आहे, गाठी आहेत आणि सर्दी-खोकला नाही, तर मला दाखवा. नुसते पांढरे ठिपके पाहून मलाही पक्कं सांगता येत नाही, घशातला नमुना कापसाच्या काडीवर घेऊन तपासावा लागतो.

या घशात अँटिबायोटिक द्यायचं ते घसा लवकर बरा व्हावा म्हणून नव्हे. घसा तर साधारण तेवढ्याच दिवसांत बरा होतो, फार तर अर्धा-पाऊण दिवस आधी. ते द्यायचं हृदयासाठी.

मी नवीन दवाखाना टाकला त्या वर्षीची गोष्ट. लावणीचे दिवस. नऊ वर्षांचा मुलगा, ताप, गाठी, ठिपके, सगळं पुस्तकात असतं तसं. मी दहा दिवसांच्या कॅप्सूल लिहून दिल्या, दिवसाला तीन. चिठ्ठी दिली, ‘दहा दिवस द्या’ म्हटलं आणि पुढच्या रोग्याला हाक मारली. बाहेर रांग होती.

तीन आठवड्यांनी तीच आई त्याला पाठुंगळी घेऊन आली. गुडघा सुजून लाल. तिने सांगितलं, आधी घोटा सुजला होता, तो बरा झाला, मग हा गुडघा. चिखलात खेळतो म्हणून वारा भरला असेल असं घरच्यांना वाटलं होतं. शाळेची पाखाडी चढताना तो मधे बसायला लागला, तेव्हा ती घाबरली. मी नळी छातीला लावली आणि दोन ठोक्यांच्या मधे, जिथे काही ऐकू यायला नको, तिथे फुसफुस ऐकू आली. हृदयाची एक झडप गळत होती.

मी विचारलं, कॅप्सूल? तिने पिशवीतून पाकीट काढून माझ्या टेबलावर ठेवलं. अठरा शिल्लक होत्या. चार दिवस दिल्या होत्या. ती म्हणाली, “पोरगो बरो झालो, मगे औषध कित्याक?” उरलेल्या तिने देव्हाऱ्याच्या फळीवर जपून ठेवल्या होत्या, धाकट्याला कधी ताप आला तर उपयोगी पडतील म्हणून. तिने वाया काही घालवलं नव्हतं. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, कारण ‘दहा दिवस’ का, हे मला कोणी सांगितलं नसतं. ते सांगायचं काम माझं होतं आणि मी केलं नव्हतं.

का, ते आज सांगतो. आपल्या गावाला जसा राखणदार असतो, तसा शरीरालाही असतो. स्ट्रेप घशात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध लढायला प्रतिपिंडं तयार करतं. पण या जिवाणूच्या अंगावरचे काही भाग आपल्या हृदयातल्या आणि सांध्यांतल्या पेशींसारखे दिसतात. मग काही मुलांत राखणदाराची गल्लत होते. चोर पळून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तो घरच्याच माणसावर काठी उगारतो. यालाच रुमॅटिक फीवर म्हणतात, आमवाताचा ताप. वैद्यकाच्या मुलांना एक जुनं वाक्य शिकवतात की हा आजार सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो. सांध्यांची सूज जाते, खूणही राहत नाही. झडपेवरचा व्रण राहतो.

हे टाळता येतं, ते 1950 च्या सुमाराला सिद्ध झालं. अमेरिकेत वायोमिंग राज्यात हवाई दलाचा एक तळ होता. बराकीत तरुण शिपाई दाटीने राहायचे, स्ट्रेपची साथ सारखी चालू. तिथल्या डॉक्टरांनी घसा आलेल्या काही शिपायांना पेनिसिलिन दिलं, काहींना दिलं नाही, आणि ज्यांना मिळालं त्यांच्यात रुमॅटिक फीवर फारच कमी झाला. पुढे हेही कळलं की घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी चालतं. म्हणजे रात्री दोन वाजता ओढ्याला पूर आला असताना पोराला घेऊन धावायची गरज नाही. पाणी उतरू द्या, सकाळी या. पण सुरू केलं की दहा दिवस, कारण तीन-चार दिवसांत पोराला बरं वाटतं, तेव्हाही जिवाणू टॉन्सिलच्या खाचांत शिल्लक असतो. ज्या घरात दहा दिवस पाळणं जमणार नाही, तिथे पेनिसिलिनचं एकच लांब पल्ल्याचं इंजेक्शन देता येतं.

तो मुलगा आता बाप्या माणूस आहे, कामधंदा करतो. दर एकवीस दिवसांनी तो ते इंजेक्शन घेतो, पुन्हा स्ट्रेप होऊ नये म्हणून. बारा लाख युनिट, दुधासारखं दाट, जाड सुईतून कमरेत. दिवसभर पाय ओढत चालावं लागतं. चाळिशीपर्यंत घ्यायचंय. इतक्या वर्षांत त्याने फारच थोड्या तारखा चुकवल्या, आणि त्याची झडप अजून त्याला साथ देतेय.

घरचे उपाय पटकन सांगतो, कारण ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ, त्याच्या गुळण्या दिवसातून चार-पाच वेळा, ठणका कमी होतो. पेज उत्तम, मीठ घालून, कोमट. कुळथाची पिठी पातळ करा, तिखट कमी. मध चालतो, पण वर्षाच्या आतल्या बाळाला थेंबसुद्धा नको, त्यातून त्याला गंभीर विषबाधा होऊ शकते. सोलकढीने घसा धरतो का, हे मला दर चवथीला विचारतात. कोकमाने जंतू येत नाहीत. घसा सोललेला असताना आंबट झोंबतं, एवढंच, तेवढे दिवस थांबा. ताप-ठणक्याला पॅरासिटामॉल, मुलांना वजनाप्रमाणे. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका. आणि पावसात ओल्या लाकडांच्या चुलीचा धूर कोंडतो, त्यानेही रोज सकाळी घसा खवखवतो. चुलीपुढे बसणाऱ्या बाईला औषध नको, धूर बाहेर जायला वाट हवी.

आता कधी थांबायचं नाही ते ऐका. तोंड उघडत नाही, लाळ गिळता येत नाही, तोंडात गरम घास धरल्यासारखं बोलणं येतं, म्हणजे टॉन्सिलमागे पू झालाय. श्वासाला आवाज येतोय. घशात राखाडी पडदा दिसतोय आणि मान सुजलीय, म्हणजे घटसर्प असू शकतो. तो संपला असं समजू नका. घटसर्पाच्या बाळपणीच्या तीन लसींनंतर दीड वर्षाच्या आणि पाच वर्षांच्या आसपास बूस्टर असतात, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस. पोरगं शाळेत जायला लागलं की हे बूस्टर राहून जातात. पू, श्वासाचा आवाज, राखाडी पडदा, या तिन्हींत त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल. शेतातून आलेल्याला ताप, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल, तर घसा दुखत असला तरी लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची, शंका धरून लगेच या. आणि ज्यांना मशेरीची, तंबाखूची सवय आहे त्यांचा आवाज तीन आठवड्यांवर बसलेला राहिला, किंवा गिळताना एकाच बाजूला दुखून कानात कळ जाते, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे दुर्बिणीने तपासून घ्या. त्यात पेनिसिलिनचं काम नाही.

कोणी प्रश्न विचारलाय, माशाचा काटा अडकला तर भाताचा मुटका गिळायचा ना? नाही. हे मी हात जोडून सांगतो. कर्लीचा काटा बारीक आणि अणकुचीदार असतो. वरवर रुतलेला काटा भाताने खोल जातो, अन्ननलिकेलाही टोचू शकतो. खाणं थांबवा, बोट घालू नका. टॉन्सिलवर दिसत असेल तर मी चिमट्याने काढतो, पाच मिनिटांचं काम आहे. दिसत नाही आणि टोचणं चालूच आहे, तर कुडाळ किंवा सावंतवाडीला जायचं, त्याच दिवशी.

आता परवापासून चाकरमानी येतील, एकेका खोलीत दहा-बारा माणसं झोपतील, आरतीला पोरं एकमेकांच्या खांद्यावर पडतील. म्हणून एक काम आजच उरकू. मी टॉर्च आणि लाकडी चपट्या काड्या घेऊन आलोय. पाच ते पंधरा वर्षांची जी पोरं इथे आहेत आणि ज्यांना ताप आहे किंवा गिळताना दुखतंय, त्यांना इकडे माझ्याकडे पाठवा. बाकीच्यांनी जरा उजेड सोडून उभं राहा.