नकाशावरच्या नावांना छापीलपणा कसा येतो

मित्रहो, काल्पनिक प्रदेशांचे नकाशे संगणकावर काढताना एक चूक वारंवार होते. डोंगर, नद्या, किनारे जीव ओतून काढलेले असतात, खाली जुन्या कागदाचा पोत असतो, आणि त्यावर गावांची नावे मात्र आताच टाइप केल्यासारखी करकरीत उभी असतात. मग ती जुनी दिसावीत म्हणून अक्षरे फिकट तपकिरी केली जातात आणि वरून डाग शिंपडले जातात. माझ्या मते वाट चुकते ती इथेच. छपाईची काळी शाई कार्बनयुक्त काळा रंग आणि कढवलेले जवसाचे तेल यांपासून बनत असे, आणि कार्बन उजेडाने उडत नाही. काळाच्या ओघात पिवळा पडतो तो कागद. अक्षर बहुधा काळेच राहते. तपकिरी पडलेली अक्षरे आपण पाहतो ती प्रामुख्याने हस्तलिखितांतली, लोहयुक्त शाईने लिहिलेली.

म्हणून नावांना हात लावण्यापूर्वी हा नकाशा कोणत्या पद्धतीने छापला गेला आहे, हे मनाशी ठरवावे. जर्मन भूगोलकार सेबास्टियन म्युन्स्टरच्या सोळाव्या शतकातील लाकडी ठशांच्या नकाशांत छपाईच्या खिळ्यांनी (धातूच्या सुट्या अक्षरांनी) जुळवलेली नावे ठशातच बसवलेली असत. अशा उठावाच्या छपाईत, म्हणजे वर उठलेल्या भागाला शाई लावून केलेल्या छपाईत, दाबामुळे शाई अक्षराच्या कडेला ढकलली जाते. कड गडद आणि पोट किंचित फिके दिसते. तांब्याच्या पत्र्यावर मात्र अक्षर उलटे कोरले जाते, शाई खाचेत उरते आणि ओलसर कागद ती उचलून घेतो. तिथे रेषा तलम येते, आणि पत्रा झिजू लागला की सर्वांत आधी बारीक रेषा हरवतात. नकाशाकार मर्केटरने १५४० साली इटॅलिक (तिरप्या) वळणावर पुस्तिकाच लिहिली, यावरून नकाशाकारांना अक्षराची किती कदर होती ते कळते. आपल्याकडे गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत पंचांग छापले ते शिळाप्रेसवर, म्हणजे सपाट दगडावरून. त्या छपाईत पृष्ठभाग सपाट असल्याने कागदावर दाबाचा खड्डा पडत नाही. या तिन्हींची झीज एकाच ‘ग्रंज’ (डाग-ओरखडे उमटवणाऱ्या) ब्रशने दाखवणे म्हणजे तिन्हींवर अन्याय करणे होय.

आता प्रत्यक्ष कृती. चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ मजकूर टाइप-लेयरमध्ये (बदलता येणाऱ्या मजकुराच्या थरात) सुरक्षित ठेवून त्याची प्रत अंतिम आकाराच्या चौपट रिझोल्यूशनवर पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी उमटवावी. तिला चार-पाच पिक्सेलांचा गॉसियन ब्लर (कडा धूसर करणारा परिणाम) द्यावा, त्यात थोडा नॉइज (विस्कळीत ठिपके) मिसळावा आणि मग लेव्हल्समधले (गडद-फिकेपणा ठरवणाऱ्या साधनातले) काळे व पांढरे टोक एकमेकांजवळ आणावे. कोपरे गोलावतात, कड किंचित थरथरते आणि शाई कागदात मुरल्याचा भास होतो. दोन्ही टोके एका बाजूला सरकवली तर अक्षर जाड होते, दुसऱ्या बाजूला सरकवली तर झिजते. शाईचा सारा स्वभाव या एका हालचालीत हाती येतो. नॉइज हवाच, कारण खडबडीत कडांचा तयार फॉन्ट वापरला तर प्रत्येक ‘र’ला तोच टवका दिसतो आणि सोंग उघडे पडते. शेवटी आकार लहान करून तो लेयर कागदावर ‘मल्टिप्लाय’ने (खालचा पोत दिसत राहील अशा मिश्रणाने) बसवावा, काळा रंग निखळ न ठेवता किंचित उबदार ठेवावा.

देवनागरीत याहून अधिक सावध राहावे लागते. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक बराचसा शिरोरेषेतल्या एका फटीवर उभा असतो, आणि ब्लर-लेव्हल्सच्या कृतीत सर्वांत आधी बुजते ती हीच फट. ‘धारकोट’चा बघता बघता ‘घारकोट’ होतो. अनुस्वार मात्रेला चिकटतो, ‘ष’च्या पोटातली तिरकी रेषा डबक्यात बुडते. लहान गावांच्या नावांसाठी मी म्हणूनच ब्लर निम्मा ठेवतो, आणि तरीही फट मिटली तर मास्कवर (थराचा भाग झाकणाऱ्या पडद्यावर) बारीक ब्रशने ती हाताने उघडतो. समुद्राचे नाव लांबवर पसरवायचे असेल तर अक्षरांमधले अंतर वाढवू नये. शिरोरेषा तुटते आणि शब्द विखुरतो. त्याऐवजी नाव मोठे करून किनाऱ्याच्या वळणाने वाकवावे, आणि हे वाकवणे ब्लरच्या आधी उरकावे, कारण मुरलेली शाई नंतर ताणली की तिची कड एकीकडे जाड आणि दुसरीकडे पातळ होते.