बोट धक्क्याला लागणार की बाहेर नांगरणार?

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी आटोपली की घराघरांत सहलींची बोलणी सुरू होतात. आता आपल्या रत्नागिरी-चिपळूणकडची मंडळीसुद्धा मुंबईला बॅलार्ड पिअरवर जहाजात बसतात आणि गोवा, कोची, लक्षद्वीप करून येतात. फार चांगली गोष्ट आहे. जहाजावर जेवण कसं, खोलीला खिडकी आहे का, याची चौकशी सगळे करतात. पण जहाज जिथे जिथे थांबणार त्या बंदरांची चौकशी कुणीच करत नाही. बंदरात मिळतात जेमतेम काही तास. ते सत्कारणी लागणार की रांगेत जाणार, हे घरून निघण्याआधीच ठरतं. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हा : बोट धक्क्याला लागणार, की बाहेर नांगरणार?

हा प्रश्न माझ्या आत्याचा.

आत्या हर्णैची. माझे आजोबा मुंबईला गिरणीत होते, त्यामुळे आजी मुलांना घेऊन आगबोटीने मुंबईला जायची. ज्येष्ठ श्रोत्यांना ती बंदरं तोंडपाठ असतील. भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटली की हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला आणि मग पणजी. कोकणातल्या शाळांनी भूगोलाची सुरुवात या नावांपासून करावी असं मला मनापासून वाटतं. आपल्या गावासमोरचं पाणी कुठे जातं हे मुलांना आधी कळलं पाहिजे, गंगा-यमुना नंतर आल्या तरी चालतील. असो. तर हर्णैला बोट किनाऱ्याला येत नसे. खोल पाण्यात उभी राहायची, आणि माणसं, ट्रंका, करंड्या सगळं पडावातून न्यायचं. परकरातली आत्या पडावातून बोटीत चढायला तिथेच शिकली.

तीच आत्या, आता ऐंशीच्या घरातली, आमच्याबरोबर लक्षद्वीपच्या सहलीला निघाली. बुकिंग करणाऱ्या मुलाला तिने फोनवर विचारलं, "बाळा, तिथे बोट धक्क्याला लागणार की बाहेर नांगरणार?" तो म्हणाला, "आजी, सगळी सोय असते." आत्याचं समाधान झालं नाही. शेजारचा मुलगा जहाजावर नोकरीला आहे, तो रजेवर आला होता. त्याला बोलावून घेतलं. त्याने कागदावर बेट काढून दाखवलं. लक्षद्वीपची बेटं प्रवाळाची. बेटाच्या कडेने प्रवाळाचा कठडा आणि आत उथळ पाणी, त्यामुळे मोठं जहाज बाहेरच उभं राहणार आणि छोट्या बोटीतून बेटावर जायचं. आत्या म्हणाली, "म्हणजे हर्णैच!"

त्या संध्याकाळपासून तिची तयारी सुरू झाली. आयुष्यभर साडी नेसलेल्या बाईने सुनेकडून पंजाबी ड्रेस मागून घेतला. रबरी तळाचे बूट घेतले. हातातली पर्स रद्द, सामान पाठीवरच्या पिशवीत. "दोन्ही हात मोकळे हवेत गो," हे तिने आम्हा प्रत्येकीला बजावलं.

उतरायच्या दिवशी समुद्राला चांगला हेलकावा होता. जहाजाच्या पोटातला दरवाजा उघडलेला, बाहेर छोटी बोट वर-खाली होतेय, दोन खलाशी हात पुढे करून उभे. ते बघून कितीतरी जणी मागे फिरल्या. उंच टाचांच्या चपला, हातात दोन-दोन पिशव्या, कडेवर मूल. पैसे भरून, इतक्या लांब येऊन त्या दिवसभर जहाजावरच बसल्या. मला फार वाईट वाटलं. कुणी त्यांना आधी एका वाक्यात सांगितलं असतं तर त्या गेल्या असत्या.

आत्या दरवाज्यात उभी राहिली. खलाशी म्हणतोय, "कम, कम." ती हलेना. दोन-तीन लाटा तिने नुसत्या बघितल्या. मग खलाशाने धरलेली बोटं सोडवून घेतली, त्याचं मनगट आपण धरलं आणि आपलं त्याला धरायला लावलं. बोट वर आली, वर येऊन क्षणभर थांबली, आणि आत्याने पाय टाकला. पायरी उतरावी तशी ती बोटीत. तो खलाशी एकदम मराठीत म्हणाला, "आजी, तुम्ही कुठच्या?" "हर्णैची. तू?" "दाभोळचा." मग काय विचारता! तिथून ती आमच्याकडे वळली आणि एकेकाला सांगून उतरवलं. "बोट खाली जाताना पाय टाकायचा नाही. वर येऊ दे तिला. वर आली की टाक." पुन्हा सांगते श्रोतेहो, बोट वर आली की पाय टाकायचा, आणि बोटं नाही, मनगट धरायचं. खलाशी थांब म्हणाला तर मात्र थांबायचंच.

वेळ थोडा उरलाय, बाकीचं भराभर सांगते. जहाज धक्क्याला लागलं तरी गाव तिथेच असतं असं नाही. गोव्याला जहाज मुरगावला लागतं, म्हणजे वास्कोजवळ. पणजी तिथून तीसेक किलोमीटर. जाऊन-येऊन किती वेळ जाईल ते आधी मोजा. सुटायच्या वेळेच्या अर्धा-एक तास आधी सगळ्यांनी जहाजावर परतायचं असतं, ती परतीची वेळ लिहून घ्या, सुटायची नव्हे. आपली आपण फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. मालदीवला जाणार असाल तर तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे. परतायचं ते जहाजाच्या घड्याळाने. जहाजावर रोज कार्यक्रमाचा कागद मिळतो, त्यावर बंदरातल्या एजंटचा फोन असतो. तो कागद खिशात ठेवा.

आणि बंदर नक्की झालं की वार बघा. कोचीला मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद, आणि त्याच्या शेजारचं 1568 सालचं ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ शुक्रवार-शनिवार दोन्ही दिवस बंद असतं. तुमचं जहाज शुक्रवारी कोचीला लागत असेल तर सरळ फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर जा, तिथली चिनी जाळी बघा, आणि शेजारीच मासळी विकायला बसतात तिथे थोडं रेंगाळा. नवीन बंदरात गेल्यावर आधी मासळीबाजार बघावा, देऊळ-चर्च मागाहून, हे माझं जुनं मत आहे. नमस्कार.