नकाशा घेऊन गंगेवर चला

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय ते जमीन वापराचे निर्णय घेणाऱ्यांच्या प्रशिक्षणाबद्दल, पण सुरुवात पुरापासून करतो.

गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर किती आलाय असं नाशिककराला विचारलं, तर तो क्युसेक सांगत नाही. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलंय, छातीला लागलंय, असं सांगतो. २ ऑगस्ट २०१६ ला सराफ बाजारात पाणी शिरलं, त्या पुराची आठवणही लोक अशीच काढतात. सरकारी माप वेगळं. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळीच्या आत बांधकाम जवळपास बंद. निळी आणि लाल यांच्यामध्ये परवानगी मिळू शकते, पण घराचं जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यावं लागतं.

आता गंमत बघा. १:१०,००० प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर पाच मीटर रुंद होते. एखाद्याची ओसरी आणि पुढची खोली त्या रेघेच्या जाडीतच मावते! मग ते घर आत की बाहेर? टेबलावर पट्टी धरून हे ठरत नाही. मोजणीवाल्याला घेऊन, पातळी काढून, जागेवरच ठरवावं लागतं. जमीन वापराचे निर्णय ज्यांच्या सहीने होतात त्यांच्या प्रशिक्षणाबद्दल मी आज बोलतोय, ते यासाठी.

प्रशिक्षण होत नाही असं नाही. पुण्याला यशदा ही सरकारी प्रशिक्षण संस्था आहे. १९६६ चा नगररचना कायदा आहे, २०२० ची एकत्रित विकास नियमावली आहे, आणि त्यावर पडद्यावर कलमं दाखवून व्याख्यानं देता येतात. पण कलम पाठ असलेल्या माणसाला सात-बारावरचा गट नंबर शहराच्या विकास योजनेच्या भाग नकाशावर बसवता येईलच असं नाही. ते हाताने करून बघावं लागतं.

नगररचना कायद्याच्या कलम १२७ चंच घ्या. क्रीडांगणासाठी आरक्षित जागा मंजूर योजना लागू झाल्यापासून दहा वर्षांत घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, की आरक्षण गेलं. नोटीस आवक रजिस्टरला नोंदली जाते, फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरते, मधल्या काळात साहेबांची बदली होते. मुलांचं मैदान अशाने हातचं जातं, तेही कुणी लबाडी न करता. मालकाचाही दोष नाही. बिचाऱ्याची जमीन दहा वर्षं अडकून पडलेली असते. नोटीस आली त्याच दिवशी शेवटची तारीख मोजून पैशांची तरतूद मागायची, एवढं शिकवायला एक दुपार पुरते.

आणि हे फक्त अभियंत्यांना शिकवून भागणार नाही. घटनेच्या बाराव्या अनुसूचीतला, म्हणजे नगरपालिकांच्या विषयांच्या यादीतला, पहिलाच विषय नगरनियोजनाचा आहे. झोन बदलाचा विषय महासभेत येतो तेव्हा हात वर करतात ते नगरसेवक. अंतिम मंजुरी शासनाची असली, तरी सुरुवात तिथून होते. गावात तेच सरपंच, ग्रामसेवक, तलाठी.

दिंडोरी-निफाडकडे जाऊन पाहा. द्राक्षबागेच्या बांधाला लागून प्लॉटिंग पडतं. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की डावणी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीने पहाटेपासून फवारणीचा ब्लोअर सुरू होतो, आणि नव्याने राहायला आलेली मंडळी औषधाच्या वासाची तक्रार घेऊन ग्रामपंचायतीत येतात. बागायतदार म्हणतो, मी आधी आलो. त्याचं बरोबर आहे असं माझं मत. शेती झोनच्या कडेला वस्ती येऊ देताना मध्ये रस्ता, झाडांचा पट्टा किंवा मोकळी जागा ठेवायची हे ले-आउट बघतानाच सुचायला हवं. घरं उभी राहिल्यावर सुचून काय उपयोग?

तसाच नाला. उन्हाळ्यात तो कोरडा असतो, म्हणून कुणी त्यात भराव टाकून मोकळा होतो. माझं ऐकाल तर अधिकाऱ्यांची स्थळपाहणी जुलैत ठेवा. बूट चिखलात गेले की पाणी कुठून येतं ते कळतं.

परीक्षाही घ्यावी, पण प्रश्नपत्रिकेची नको. वादातली एक खरी फाइल नावं झाकून द्यावी. मंजूर किंवा नामंजूर, काहीही ठरवा, पण कारणं एका पानात लिहा, आणि ज्याचा अर्ज फेटाळला त्याला ती वाचून कळली पाहिजेत. ते पान सरपंचांनी मोठ्याने वाचावं, आणि जिथे अडलं तिथे साहेबांनी पुन्हा लिहावं.