काठावर उगवलेली कूर्चा

‘गॅप कमी झालाय आणि कडेला हाड वाढलंय.’ गुडघ्याचा एक्स-रे दिव्यासमोर धरून डॉक्टर हे सांगतात. पडद्यावर असाच एक गुडघा आहे. हाडाच्या कडेला चोचीसारखं पुढे आलेलं टोक नीट पाहा. ते सुरुवातीला हाड नव्हतंच. हाडावरच्या पातळ आवरणातल्या पेशींनी आधी तिथे कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असते ती गुळगुळीत, लवचिक ऊती, तयार केली, मग त्या कूर्चेचं हाड झालं. सांध्याच्या आत कूर्चा झिजत होती, आणि काठावर नको तिथे नवी उगवत होती!

या उगवण्यामागे टीजीएफ-बीटा नावाचा ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना वाढीचा संदेश देणारं प्रथिन, आहे. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या संशोधकांनी तो उंदरांच्या गुडघ्यात टोचला. त्याचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. कूर्चेतल्या पेशी प्रोटिओग्लायकन हा कूर्चेचा महत्त्वाचा घटक जोमाने बनवू लागल्या. हवं होतं ते हेच. पण त्याच गुडघ्यांच्या कडांना टोकंही फुटली. पुढे २००२ मध्ये त्यांनी उलट करून पाहिलं, सांध्यातला टीजीएफ-बीटा अडवला. टोकं थांबली, पण कूर्चेची डागडुजीही खुंटली.

यात सुजेचाही हात आहे. गुडघ्याची झीज आपण सरसकट वयाच्या खात्यात टाकतो, आणि जिथे सूज येते त्या सांध्याच्या अस्तराकडे दुर्लक्ष होतं. उंदरांच्या अस्तरातल्या मॅक्रोफेज, म्हणजे सूज आणणाऱ्या प्रतिकारक पेशी काढून टाकल्यावर टीजीएफ-बीटा असूनही टोकं फारच कमी आली.

वयाचा संबंध आहे, तो पेशीच्या पृष्ठभागावर. तिथे या ग्रोथ फॅक्टरचा संदेश घेणारे दोन रिसेप्टर असतात. अल्क-५ वाटे संदेश आत गेला की पेशी कूर्चा राखते. अल्क-१ वाटे गेला की कूर्चा तोडणारं एमएमपी-१३ हे एन्झाइम वाढतं. म्हाताऱ्या उंदरांच्या कूर्चेत अल्क-१ पेक्षा अल्क-५ जास्त घटलेला आढळला. संदेश तोच, पण राखणारी वाट अरुंद झालेली.

औषध शोधणाऱ्यांनी दुसरे ग्रोथ फॅक्टरही आजमावले. त्यातल्याच एफजीएफ-१८ पासून बनवलेल्या स्प्रिफर्मिन या औषधाची चाचणी ५४९ रुग्णांवर झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. दर सहा महिन्यांनी सर्वात मोठा डोस घेतलेल्यांची कूर्चा दोन वर्षांनी, औषध नसलेलं इंजेक्शन घेतलेल्यांच्या तुलनेत, जाडीत ०.०५ मिलिमीटरने सरस ठरली. दुखण्यात मात्र दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही.