चाकातला खेळ

(अर्धवट अंधाऱ्या शेडमध्ये ट्रकचं तोंड हळूहळू आत येतं. इंजिन चालूच आहे.)

मीटरवर ७,१२,००० किलोमीटर. तक्रार एवढीच: सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सारखं सावरावं लागतं, आणि खड्ड्यातून गेलं की पुढची चाकं थरथरत राहतात.

मिस्त्री अजून पान्याला हात लावत नाहीत. आधी टायरवरून तळवा फिरवतात. आतून बाहेर नेताना हात सरकतो. बाहेरून आत आणताना नक्षीच्या कडा बोचतात. म्हणजे चालताना दोन्ही चाकं पुढून फाकतायत आणि रबर रस्त्यावर आडवं घासलं जातंय. मधेमधे बशीसारखे खोलगट चट्टेही आहेत. ते शॉकअप थकल्याची खूण.

(कॅमेरा गाडीखाली. वर केबिनमध्ये चालक स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडंथोडं हलवतोय.)

चाकं जमिनीवरच. मिस्त्री पाठीवर झोपून एकेक सांधा चाचपतात. स्टिअरिंग बॉक्स. त्यातून खाली आलेला पिटमन आर्म. त्याला जोडलेली ड्रॅग लिंक. मग दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधून ठेवणारा टायरॉड. प्रत्येक सांध्यावर दोन बोटं, एक अलीकडच्या तुकड्यावर आणि एक पलीकडच्या. दोन्ही एकदम हलली तर सांधा ठीक. एक आधी हललं आणि दुसरं मागाहून, तर मधे खेळ आहे, म्हणजे सांधा ढिला.

डाव्या टायरॉड एंडपाशी हात थांबतो. पुन्हा हलवायला सांगतात.

(सांधा जवळून. रबरी टोपी फाटलेली. आतला बॉल टकटक वाजतोय.)

आता जॅक. मागच्या चाकांना ठोकळे, पुढच्या एक्सलखाली घोड्या, मग टायरखाली पहार. पहार उचलली की चाक वरच्या कडेने आत-बाहेर डुगडुगतं. पण ही डुगडुग कुणाची? हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, त्याचं बेअरिंग सैल असलं तरी चाक असंच हलतं आणि चाक ज्याच्याभोवती वळतं तो किंगपिन झिजला असला तरी असंच.

मिस्त्री एका पोराला ब्रेक दाबून धरायला सांगतात. ब्रेक लागला की हब आणि त्यामागचा नकल, म्हणजे स्टिअरिंगबरोबर वळणारा चाकाचा आधार, एकमेकांना घट्ट धरतात. खेळ नाहीसा झाला असता तर दोष बेअरिंगचा.

(पहार पुन्हा वर. चाक तेवढंच हलतं.)

खेळ तसाच आहे. किंगपिन.

एका मिनिटाची ही तपासणी ज्याला ठाऊक आहे, तो चांगलं बेअरिंग बदलून गाडी परत पाठवत नाही. शोधण्यात गेलेले तास लिहायला बिलावर रकाना नसतो, आणि आम्हाला वाटतं, तो असायला हवा.

(चाक उतरलेलं. हब, ब्रेकचा सगळा संच बाजूला. उघडा नकल.)

किंगपिन म्हणजे मनगटाएवढा पोलादी दांडा. पुढचं चाक ज्याच्याभोवती वळतं तो हाच. एक्सलच्या डोळ्यात तो एका निमुळत्या खिळीने घट्ट अडकवलेला असतो आणि वर-खाली नकलचे दोन बुश, म्हणजे धातूच्या आखूड नळ्या, त्याच्याभोवती फिरतात. आधी खिळी निघते. मग घण.

(घणाचे आठ-दहा घाव. निवेदन नाही.)

निघाला. हा बघा. एका बाजूला आरशासारखी चकाकी आणि दांडा बोटाला लागेल इतका खाल्लेला. दुसऱ्या बाजूला तांबडा गंज. दांडा फक्त घासून झिजला असता, तर त्याला गंज धरला नसता. इथे ग्रीस पोचलंच नाही. वरचा निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, चिखलाने बुजलेला होता. पंप मारणाऱ्याने पंप मारला असेल, ग्रीस बाहेरच्या बाहेर पुसलं गेलं असेल. लाखो किलोमीटरनी पिन मारली असं म्हणायचं आणि निप्पल कुणी पाहायचा नाही, हे आम्हाला पटत नाही.

जुने बुश निघतात, नवे ब्राँझचे बसतात. बुश दाबताना त्याचं भोक ग्रीसच्या वाटेसमोर यावं लागतं. ते चुकलं तर नवी पिनही कोरडीच राहणार. म्हणून मिस्त्री निप्पलमधून तार घालून बघतात. तार आतल्या बाजूने बाहेर येते, तेव्हाच पुढचं काम.

(रीमर. दोन्ही हातांनी दांडी सावकाश फिरतेय. ब्राँझची सोनेरी, बारीक कीस खाली पडते.)

नवी पिन नव्या बुशात अशीच जात नाही. बुश रीमरने आतून खरवडून मापात आणावा लागतो. रीमर लांब आहे, वरच्या बुशातून खालच्या बुशात एका रेषेत उतरणारा. दोन भोकं वेगवेगळी खरवडली तर पिन तिरकी अडकते. फिरवायचा एकाच दिशेला. बाहेर काढतानाही उलटा नाही, उलटा फिरला की धार बोथट होते आणि बुशाला चरे पडतात. थोडं खरवडायचं, पुसायचं, पिन घालून बघायची. पुन्हा थोडं. ही जागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची असते. जास्त खरवडलं गेलं तर तो बुश फेकायचाच.

(पिन स्वतःच्या वजनाने, तेलाचा हलका चिकटपणा घेत बुशातून खाली सरकते. मिस्त्रींचा चेहरा.)

एक्सलच्या खाली नवं थ्रस्ट बेअरिंग. गाडीच्या पुढच्या भागाचा भार या चकतीवर येतो. वरच्या फटीत शिम, म्हणजे पातळ चकती, आणि फट मोजायला फीलर गेज.

कमान टांगून धरणारे शॅकल पिन, त्यांचे बुश आणि दोन्ही शॉकअप दुसऱ्या दिवशी बदलले. कमान एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवेच घातले. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरत नाहीत.

(टायरॉड एंडवर नट. छिद्रातून पिन जात नाही.)

टायरॉड एंडचा नट ठरलेल्या ताकदीने कसला आहे, पण अडकपिनीचं छिद्र खाचेसमोर आलेलं नाही. पोरगा नट किंचित मागे घ्यायला जातो, मिस्त्री त्याचा हात धरतात. नट पुढेच न्यायचा, पुढच्या खाचेपर्यंत. हा सांधा निसटला तर धावत्या गाडीची दोन्ही चाकं एकत्र वळत नाहीत, आणि मग चालकाच्या हातात काही उरत नाही.

शेवटी टो-इन, म्हणजे दोन्ही चाकं पुढून किंचित आत वळलेली ठेवणं. दोन्ही टायरवर खडूची रेघ, हबच्या उंचीवर. पुढून माप, चाकं अर्धा फेरा फिरवून त्याच रेघांचं मागून माप. पुढचं माप मागच्यापेक्षा जेमतेम एक-दोन मिलिमीटर कमी हवं. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकात. टायरॉडच्या एका टोकाला उजवे आटे आणि दुसऱ्याला डावे, त्यामुळे नळी फिरवली की दोन्ही टोकं एकदम जवळ येतात किंवा लांब जातात.

(ग्रीसचा पंप. एक्सल अजून उचललेलाच, म्हणजे थ्रस्ट बेअरिंगवर भार नाही आणि ग्रीसला वाट आहे.)

एक, दोन, तीन. वरच्या कडेने ग्रीस डोकावतं. खालूनही दिसेपर्यंत पंप थांबत नाही.

(केबिन. मिस्त्री डॅशबोर्डवर कागदाची पट्टी चिकटवतात. त्यावर पुढच्या ग्रीसिंगचे किलोमीटर, पेनाने.)

माल भरून पहिली फेरी झाली की गाडी परत येईल, यू-बोल्ट पुन्हा कसायला.

(ट्रक शेडबाहेर पडतो. चालकाची बोटं स्टिअरिंगवर नुसती टेकलेली.)