२२ ऑक्टोबर १८४४

न्यू यॉर्क राज्याच्या पूर्व सीमेजवळील लो हॅम्प्टन येथे विल्यम मिलर शेती करत असत. तरुणपणी त्यांचा बायबलवर विश्वास उरला नव्हता. १८१६ मध्ये ते पुन्हा श्रद्धेकडे वळले आणि बायबल व त्याची शब्दसूची समोर ठेवून एकेक वचन ताडून पाहू लागले.

बायबलमधील दानीएलच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात दोन हजार तीनशे दिवसांनंतर पवित्रस्थानाची शुद्धी होईल, असे वचन आहे. भविष्यवाणीतील एक दिवस म्हणजे एक वर्ष आणि ही शुद्धी म्हणजे येशूच्या पुनरागमनाने होणारी पृथ्वीची शुद्धी, असा अर्थ लावून मिलर यांनी पारसाचा राजा अर्तहशश्त याच्या इसवी सनापूर्वी ४५७ मधील फर्मानापासून मोजणी केली, तेव्हा १८४३ हे वर्ष आले. तेही सरले. इसवी सनापूर्वीचे पहिले वर्ष आणि इसवी सनाचे पहिले वर्ष यांच्यामध्ये शून्य वर्ष नसते, म्हणून हिशेब एका वर्षाने पुढे सरकला. आणि ऑगस्ट १८४४ मध्ये एक्झेटरच्या मेळाव्यात मिलर यांच्या चळवळीतले उपदेशक सॅम्युएल स्नो यांनी यहुदी प्रायश्चित्ताच्या दिवसावरून नेमकी तारीख सांगितली: २२ ऑक्टोबर १८४४. स्वतः मिलर यांनी ती अगदी शेवटी, ऑक्टोबरमध्ये मान्य केली. ‘त्या दिवसाविषयी पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही’ हे येशूचे शब्द ज्यांना तोंडपाठ होते, त्यांनीच तारीख धरावी, याचे वाईट वाटते.

मिलर यांच्या कित्येक अनुयायांनी शेतातले पीक कापलेच नाही, कारण कापणी करणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे त्यांना वाटत होते. हे लोक पांढरे झगे घालून छपरांवर चढले, ही गोष्ट पुढे चवीने सांगितली गेली; तिला भक्कम पुरावा नाही, आणि ती सांगणाऱ्यांनी या माणसांवर अन्याय केला आहे. तो दिवस सरला, येशू आले नाहीत. पोर्ट गिब्सनचे शेतकरी आणि मिलर यांचे अनुयायी हायरम एडसन यांनी त्या रात्रीविषयी लिहून ठेवले आहे, की पहाट होईपर्यंत आम्ही रडत राहिलो. त्या दिवसाला ‘महानिराशा’ हे नाव पडले.

अनेकजण पांगले. काहींनी मात्र, तारीख बरोबर होती, घटना पृथ्वीवर नव्हे तर स्वर्गातील पवित्रस्थानात घडली, असा अर्थ लावला. त्यांच्यातूनच १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी संघटित झाली. पुण्यातील स्पायसर विद्यापीठ याच मंडळीचे आहे.

मिलर यांनी आपली चूक मोकळेपणाने कबूल केली, तरी आगमन जवळ आले आहे ही त्यांची आशा १८४९ मध्ये मृत्यू येईपर्यंत टिकली. १८४८ मध्ये त्यांनी घराजवळ बांधलेल्या छोट्या प्रार्थनामंदिरात दानीएलचेच वचन लिहिलेले आहे: नेमलेल्या समयी अंत होईल.