परेरा : झाड, गाव आणि आडनाव

(वसईतील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, 'परेरा' या आडनावाचा उगम, अर्थ आणि प्रसार असा आजचा विषय निमंत्रणपत्रिकेत छापला आहे. त्यातला अर्थ शब्दकोश एका ओळीत सांगून टाकतो : पोर्तुगीज भाषेत 'पेरैरा' म्हणजे नासपतीचे झाड. ही ओळ खरी आहे. परंतु जो तिथेच थांबतो तो या आडनावाविषयी चुकीच्या समजुती घेऊन घरी जातो, असे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. माझ्या आईचे माहेर परेरांचे. त्यामुळे या नावाविषयी मी तटस्थपणे बोलेन अशी अपेक्षा कृपया ठेवू नका.

प्रथम शब्दाची घडण पाहू. लॅटिनमधल्या 'पिरुम' या नासपतीच्या नावावरून पोर्तुगीजमध्ये 'पेरा' हे फळाचे नाव आले आणि त्याला 'ऐरा' हा प्रत्यय लागून झाडाचे नाव झाले. हा प्रत्यय आपल्याला अनोळखी नाही. ओलिवैरा म्हणजे ऑलिव्हचे झाड, फिगैरा म्हणजे अंजिराचे, मोरैरा म्हणजे तुतीचे, नोगैरा म्हणजे अक्रोडाचे. आणि पोर्तुगीज लोक आपल्या किनाऱ्यावर आल्यावर मलयाळममधल्या 'मांगा' या शब्दाला हाच प्रत्यय जोडून त्यांनी आंब्याच्या झाडाला 'मांगैरा' म्हटले. मात्र प्रत्येक 'ऐरा' म्हणजे झाड नव्हे. आपल्या शेजारी राहणाऱ्या फरेरांच्या नावात लोखंड आहे. जिथे लोखंड सापडे किंवा घडवले जाई ती जागा म्हणजे फेरैरा. प्रत्ययाचा रोख झाडाइतकाच जागेकडेही असतो, हे कृपया लक्षात ठेवावे, कारण माझा सगळा युक्तिवाद पुढे त्यावरच उभा राहणार आहे.

इथे मला आजोळच्या अंगणात थोडे थांबू द्या. विहिरीच्या पलीकडे, केळींच्या रांगेला लागून तिथे एक जुने पेरूचे झाड होते. आठवी-नववीत असताना मी कुठेतरी वाचलेला 'पेरैरा'चा अर्थ मोठ्या उत्साहाने आजोबांना सांगितला. बागायतीत आयुष्य घालवलेल्या त्या माणसाने ऐकून घेतले, अंगणाकडे बोट केले आणि विचारले, "म्हणजे हे झाड का?" मी ठामपणे नाही म्हणालो. नासपती थंड प्रदेशातले फळ आहे, आपल्याकडे होत नाही, पेरू वेगळा, असे त्यांना समजावले. घरातल्या कोणीही तोवर नासपतीचे झाड डोळ्यांनी पाहिलेले नव्हते, आणि तरी मी आजोबांना चूक ठरवले. त्यांनी वाद घातला नाही. एक पेरू काढून माझ्या हातावर ठेवला आणि ते पाटाचे पाणी वळवायला निघून गेले.

पुढे कितीतरी वर्षांनी मराठीतल्या पोर्तुगीज शब्दांचा अभ्यास करताना मला कळले की आजोबा बरोबर होते. पेरू हे मूळचे अमेरिका खंडातले फळ पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आले, त्याचा आकार त्यांना आपल्या नासपतीसारखा वाटला आणि 'पेरा' हे नाव त्याला चिकटले. कोकणीत आजही त्याला 'पेर' म्हणतात, मराठीत तो 'पेरू' झाला. पगार, चावी, बटाटा, घमेले, बिजागरी हे शब्द ज्या वाटेने आले त्याच वाटेने हाही आला. गोव्याच्या आसगावात जन्मलेले भाषापंडित सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद यांनी आशियाई भाषांत शिरलेल्या अशा पोर्तुगीज शब्दांचा मोठा संग्रह 1913 मध्ये प्रसिद्ध केला. त्या परंपरेत पाहिले तर 'परेरा' आणि 'पेरू' हे एकाच मुळाचे दोन फुटवे आहेत. हे आजोबांना सांगायला मला उशीर झाला, आणि ती खंत माझ्या मनातून गेलेली नाही.

आता एक तक्रार. आईच्या कागदपत्रांसाठी मी एका सरकारी कचेरीत खेपा घालत होतो. तीन दाखल्यांवर तीन रूपे होती : परेरा, पेरेरा आणि परेयरा. एकच माणूस असल्याचे प्रतिज्ञापत्र द्या, असे सांगितले गेले. ते मी दिले. त्यानंतर समोरच्या गृहस्थांनी विचारले, "तुमचे लोक पोर्तुगालहून कधी आले?" मी म्हणालो, आम्ही कुठूनही आलो नाही, आम्ही इथलेच. त्यावर, "मग खरे आडनाव काय?" असा दुसरा प्रश्न आला. जिच्या आईने आणि आजीने वसई भागातल्या सामवेदी बोलीत ओव्या म्हटल्या, जिने आयुष्यभर मराठीत हिशेब लिहिले, ती माझी आई शेजारी उभी होती. तिने उत्तर दिले नाही. ती फक्त कागदावरचे आपले नाव पाहत राहिली. या सभागृहातल्या अनेकांना हा प्रश्न कधी ना कधी विचारला गेला असेल. राहिला लेखनाचा मुद्दा. आजच्या लिस्बनमधला माणूस हे नाव उच्चारतो तेव्हा पहिला स्वर इतका आखूड असतो की आपल्या कानाला 'परैरा' ऐकू येते. म्हणजे वसईच्या 'परेरा'ला अशुद्ध ठरवण्याचे काही कारण नाही.

दुसरी समजूत अलीकडे फार पसरली आहे : झाडाचे आडनाव असेल तर पूर्वज ज्यू असले पाहिजेत. पोर्तुगालमध्ये 1497 साली ज्यूंचे सक्तीने धर्मांतर झाले आणि त्यांतल्या अनेकांनी परेरा हे नाव घेतले, हे खरे आहे. मूकबधिरांचे शिक्षक म्हणून अठराव्या शतकात फ्रान्समध्ये नाव मिळवलेले जेकब रॉड्रिग्ज परेरा आणि एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये मोठी बँक उभारणारे त्यांचे नातू, पेरेर बंधू, याच परंपरेतले. स्पेन-पोर्तुगालमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देणारा कायदा पोर्तुगालने 2013 मध्ये केल्यानंतर तर आडनावांच्या याद्या हातोहात फिरू लागल्या. परंतु धर्मांतरितांनी हे नाव घेतले ते मुळात समाजात सर्रास रूढ होते म्हणूनच. ज्यू परेरा होते, यावरून परेरा ते सगळे ज्यू, असे ठरत नाही.

अध्यक्षांनी दहा मिनिटे उरल्याची चिठ्ठी पाठवली आहे, आणि ज्यासाठी आपण आलात तो उगमाचा भाग अजून तसाच आहे. आता भरभर सांगतो.

हे आडनाव झाडावरून थेट माणसाकडे आले नाही. मध्ये गाव आहे. पोर्तुगालच्या उत्तर भागातल्या जुन्या वंशावळींनुसार हे नाव प्रथम लावणारा सरदार रुई गोन्साल्विश द पेरैरा हा बाराव्या-तेराव्या शतकात होऊन गेला आणि पेरैरा हे त्याच्या जहागिरीचे नाव होते. त्याचा बाप कोण? गोन्सालो रॉड्रिग्ज द पाल्मैरा. पाल्मैरा म्हणजे ताडाचे झाड! बाप ताड आणि मुलगा नासपती हे झाडांच्या हिशेबाने जुळत नाही, गावांच्या हिशेबाने लगेच जुळते. मधला 'द' म्हणजे आपला 'कर'. चिंचोलीकर, पिंपळगावकर, बोरगावकर यांच्या नावांतही झाड आहे, पण चिंच आधी गावाच्या नावात शिरली आणि गाव मग माणसाच्या नावात. परेरा हे अशाच जातीचे 'कर' आडनाव आहे. नासपतीची झाडे जागोजागी असल्याने या नावाची ठिकाणेही जागोजागी झाली, आणि एकमेकांशी काही नाते नसलेली परेरा घराणी त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणी उभी राहिली.

घराण्यातला सर्वांत मोठा पुरुष नूनो आल्वारिश पेरैरा. त्याने 1385 मध्ये अल्जुबारोटाच्या रणांगणावर कास्तीलच्या, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या राज्याच्या, सैन्याचा पराभव करून पोर्तुगालचे स्वातंत्र्य राखले, पुढे सर्व सोडून तो लिस्बनच्या कार्मेल मठात राहिला, आणि पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2009 मध्ये त्याला संत घोषित केले. त्याचे पूर्ण नाव मराठी माणसाने एकदा नीट वाचावे. नूनो हे स्वतःचे नाव. आल्वारिश म्हणजे आल्वारोचा मुलगा. पेरैरा हे गावावरून आलेले आडनाव. आपण ज्या क्रमाने नाव लिहितो तोच हा क्रम. पुढे गोन्साल्विस, रॉड्रिग्ज, लोपीस ही बापाची नावे गोठून आडनावे झाली.

आता प्रसार. आज पोर्तुगालमध्ये आणि ब्राझीलमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांत परेराचा क्रमांक अगदी वरचा आहे, परंतु तो वंशविस्ताराने आलेला नाही. 1504 मध्ये कोचीनचा बचाव करणाऱ्या दुआर्ते पाशेको पेरैरासारखे मोजके लोक जहाजातून आले. बाकीचे काम बाप्तिस्म्याच्या वहीने केले. वसई 1534 च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेली आणि 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी ती घेतली. त्या दोनशे वर्षांत इथल्या शेतकऱ्याला, कोळ्याला, कारागिराला बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे किंवा धर्मगुरूचे आडनाव मिळत गेले. कचेरीतल्या त्या प्रश्नाचे उत्तर हे आहे : नाव बाहेरून आले, माणसे इथलीच राहिली. श्रीलंकेत हेच नाव 'पेरेरा' होऊन इतके रुजले की आज ते लावणारी असंख्य कुटुंबे बौद्ध आहेत. ब्राझीलमध्ये गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांना मालकाचे किंवा धर्मपित्याचे नाव मिळाले आणि परेरांची संख्या तिथेही वाढली.

वेळ संपली आहे, म्हणून शेवटचे एकच ठिकाण सांगतो. कोलंबियामध्ये 1863 साली फ्रान्सिस्को पेरैरा मार्तीनेस यांच्या जमिनीवर एक वस्ती वसवली गेली आणि तिला त्यांचेच नाव दिले गेले. आज पेरैरा हे तिथले मोठे शहर आहे. झाडाचे गाव झाले होते, गावाचे आडनाव झाले होते. इथे आडनावाचे पुन्हा गाव झाले. त्या शहरात राहणाऱ्या माणसाला तिथले लोक 'पेरैरानो' म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत परेराकर.